दोनदा मिटणारे ओठ

बुधवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला भोंग्यानं आपल्या बायकोला एक प्रश्न विचारला. तो आजूबाजूच्या अकरा बिऱ्हाडांनी ऐकला. फक्त जिला विचारला होता तिनं ऐकला नाही.

भोंगा हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. कापडाच्या कारखान्यात, मागखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज जसा होतो तसा त्याचा झाला होता. घरात बसून तो "चावी कुठाय?" म्हणाला की रस्त्यानं जाणारा माणूस आपले खिसे चाचपायचा. एकदा कारखान्याचा खरा भोंगा बिघडला, तेव्हा लोक म्हणाले, याला गच्चीवर उभा करा, काम भागेल. त्या दिवशी नाव चिकटलं ते चिकटलंच. तो जॉबर होता. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करायचा, आणि कुठल्या मागावर कोण उभं राहणार तेही त्यानंच ठरवायचं.

मागखात्यात एकशे चाळीस माग. ते सगळे एकदम चालू झाले की माणसाचा आवाज हा प्रकारच तिथं उरत नाही. ओरडलात तरी तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून तिथले लोक आवाज न काढताच बोलतात. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. नवा माणूस सहा महिन्यांत शिकतो, आणि शिकला की चार माग पलीकडच्या बाईची सासू काल काय म्हणाली तेही त्याला कळायला लागतं. या बोलीत कुजबूज नसते. ज्याला तोंड दिसलं त्याला गोष्ट कळली.

भोंग्यानं लग्नाचं विचारलं तेही असंच, तीन माग ओलांडून. ती तुटलेला धागा जोडत होती. "करतेस का माझ्याशी लग्न?" असं त्याच्या ओठांनी विचारलं, तिनं मान खाली घातली, आणि मधल्या तिन्ही बायांनी आपापले माग थांबवून तिला ढोसलं. "अगं, वर बघ की! विचारतोय तो." तिनं वर बघून ओठ हलवले, "आईला विचारून सांगते." मागच्या रांगेतली एक म्हातारी लगेच, "तुझ्या का त्याच्या?" असं झालं लग्न.

पुढं चार वर्षांनी जॉबर झाल्याबरोबर भोंग्यानं पहिलं काम काय केलं, तर सत्तावीस नंबरचा माग बायकोला दिला. सत्तावीस नंबर म्हणजे खात्याच्या टोकाचा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात, डोक्यावर खिडकी. बाकी खात्यात दमट उकाडा आणि केसांत, नाकात, घशात कापसाचे तंतू. इथं मात्र वाऱ्याची झुळूक यायची आणि एक झाड दिसायचं. त्या मागासाठी बाया हमरीतुमरीवर यायच्या. "जॉबर झाला आणि आधी घरचं बघितलं," असं लोक बोलले. "बघितलं! बायको आहे माझी, उकाड्यात उभी करू?" असं भोंगा सगळ्यांच्या तोंडावर म्हणाला. ती दहा वर्षं त्या मागावर होती. मग कंबर धरते म्हणून काम सोडून घरी बसली. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती.

घरी बसली तरी मागखात्याची खोड गेली नाही असंच भोंग्याला वाटायचं. तो बोलायला लागला की ती हातातलं टाकून त्याच्या तोंडाकडे बघायची. दाढी करताना तो बोलला तर आरशात बघायची. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीच दिवा लावायची. फोनला हात लावायची नाही, "मला नाही जमत त्यावर, तुम्हीच बोला." लेक लग्न होऊन गेली तेव्हा जाताना दारावरच्या घंटीला स्वयंपाकघरात एक बल्ब जोडून गेली. कळ दाबली की बल्ब लागायचा. भोंगा म्हणाला, "बापाच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही म्हणून पोरीनं काय डोकं चालवलं!" बायकोचा आवाजही वर्षागणिक खाली आला होता. वय झालं, समज आली, असं त्यानं धरलं.

कारखान्यातल्या स्टोअरवाल्या दोस्ताला तो फुशारकीनं सांगायचा, "पंचवीस वर्षं झाली, पण बाईची नजर अजून माझ्या तोंडावरून हटत नाही."

"भरवसा नसेल तुझा," दोस्त म्हणायचा.

तर यंदा कारखाना समुद्रापलीकडच्या मालकांनी घेतला. मागखात्याला नवा खातेप्रमुख नेमायचा होता, आणि त्याला इंग्रजीत बोलता आलंच पाहिजे अशी अट. खातेप्रमुख म्हणजे जिन्यावरची काचेची केबिन. दार लावलं की एकशे चाळीस माग लांबच्या पावसासारखे वाटतात. भोंग्याला ती केबिन हवी होती, हौसेनं नाही. कारखान्याच्या डॉक्टरनं कान तपासून सांगितलं होतं, एक चतुर्थांश गेलाय, आणखी पाच-सहा वर्षं खाली राहिलास तर उरलेलं विसर. हे घरी कळल्यापासून बायकोनं पिच्छा पुरवला होता. "काही करा, पण त्या केबिनमध्ये जाऊन बसा." भाजी निवडताना ती त्याच्याकडून इंग्रजी पाठ करून घ्यायची. एरवी कशाचा हट्ट न धरणारी बाई. या एका गोष्टीवर अडून बसली होती.

तोंडी परीक्षा शनिवारी होती. त्याच्या आदल्या शनिवारी कँटीनमधल्या इंग्रजीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर नवा शब्द लिहिला. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, खडूची पूड झटकत बोलणाऱ्या.

"पुट अप विथ," त्यांनी वाचलं. "तीन शब्द, पण अर्थ एक. सुटे करून बघू नका, हाती काही लागायचं नाही."

"आमच्या तिघा भावांसारखं," स्टोअरवाला म्हणाला. "एकेकटे कुचकामी."

"तिघं मिळून तरी कुठं कामाचे?" भोंग्यानं विचारलं, आणि बाहेर कपबश्या विसळणारा माणूसही हसला.

"अर्थ ऐका. खपवून घेणं. चालवून घेणं. मुकाट्यानं निभावून नेणं. गोष्ट नकोशी हवी बरं का, आवडत्या गोष्टीला हा लावायचा नाही. तक्रार करता आली असती, पण केली नाही, तिथं हा शब्द. आणि विथ म्हणून गप्प बसू नका. कुणाचं खपवून घेता, कशाचं, ते पुढं आलंच पाहिजे. नाहीतर वाक्य लंगडं."

"आणि नाही खपवून घेणार म्हणायचं असेल तर?" भोंग्यानं विचारलं.

"तेच तर! हा शब्द 'नाही'बरोबरच जास्त येतो. खपवून घेतंय तोवर माणूस बोलत कुठं असतं? पाणी डोक्यावरून गेलं की मग त्याला हा शब्द आठवतो." बाईंनी गृहपाठ दिला. "घरी प्रत्येकाला विचारा, तू माझं काय काय खपवून घेतोस? उत्तरं इंग्रजीत करून गुरुवारी आणा."

"बाई, एक वही पुरेल ना?" स्टोअरवाल्यानं विचारलं.

चार दिवस भोंग्यानं पुट अप विथ, पुट अप विथ असं घोकून घर डोक्यावर घेतलं. बुधवारी सकाळपाळी करून आला, चहा घेतला. बायको समोर बसून मटार सोलत होती. चष्मा लावून, वही पार नाकाशी धरून त्यानं लिहून घेतलेला प्रश्न वाचला, "तू माझं काय काय खपवून घेतेस?"

उत्तर नाही. लाजली असेल म्हणून त्यानं पुन्हा वाचलं, जरा जोरात. भोंग्याचं जरा जोरात.

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "वहिनी, सांगून टाका एकदाचं! आम्ही पण ऐकतो!" खालच्या मजल्यावर कुणीतरी हसलं. वरच्या खिडकीतून आवाज आला, "रविवारी सांगा, सवड काढून येतो!"

बायको मटार सोलत होती. शेंग दाबायची, अंगठा फिरवायचा, दाणे पातेल्यात, टरफल मांडीवरच्या कागदात.

भोंग्यानं वही खाली केली. तिनं लगेच वर बघितलं. चेहरा रोजचाच. "काय हो? चहा हवा का अजून?"

त्यानं वही पुन्हा तोंडापुढं धरली आणि म्हणाला, "घराला आग लागलीय."

तिनं पुढची शेंग घेतली.

"अगं, आग! आग लागलीय!"

शेजारचं दार धाडकन उघडलं. माणसं जिन्यात धावली. कुणीतरी दारावरची कळ दाबली, स्वयंपाकघरातला बल्ब लागला, आणि बल्ब लागला तशी ती कागद सावरत उठली. "बघा हो कोण आलंय."

भोंग्यानं दार किलकिलं करून माणसांना घालवलं. काही नाही, नाटकाचं वाक्य पाठ करतोय, असं काहीतरी तो बोलला. दार लावून वळला. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला. आणि लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या त्या माणसानं घरात पहिल्यांदाच आवाज न काढता तोंड उघडलं. नुसते ओठ हलवले, मागखात्यासारखे.

"कधीपासून?"

तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. पातेलं तिनं बाजूला ठेवलं. तीही ओठांनीच बोलली.

"उजवा कान गेला तेव्हा मागावरच होते. डावा घरी आल्यावर गेला, हळूहळू. गेली सहा वर्षं काहीच नाही."

"काहीच?"

"तुम्ही पाय आपटून चालता ते तेवढं जमिनीतून कळतं."

"लेकीला माहीत आहे?"

"बल्ब कुणी लावला मग?"

त्यानं डोकं धरलं. सहा वर्षं हा माणूस गळा फाडून बोलत होता, चाळीस पावलांवरच्या लोकांना ऐकू जात होतं, आणि दोन हातांवर बसलेली बाई नुसते ओठ बघत होती. दुसऱ्या कुठल्या घरात हे आठवड्यात उघडं पडलं असतं. पण इथं ओठ वाचणं म्हणजे मराठी बोलण्याइतकं साधं. कुणाला संशय येणार?

"मला का नाही बोललीस?"

तिनं टरफलांचा कागद गुंडाळला. त्यानं पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "कंबर दुखते म्हणून काम सोडलं ते खोटं. तेव्हाच डॉक्टर म्हणाला होता, बाई, भिंतीला पाठ लावून उभ्या असता का? मी म्हटलं, दोन भिंती आहेत. तो म्हणाला, मग दोन्हीकडून आवाज उलटा फिरतो. दुप्पट लागतो कानाला."

भोंग्यानं वही मिटून ठेवली.

"तुम्ही केवढ्या हौसेनं दिला होतात तो माग," ती म्हणाली. "सगळ्यांशी भांडून. काय सांगू?"

बाहेर शेजारीण कुणाला तरी सांगत होती की वहिनींनी शेवटी तोंड उघडलं वाटतं, कारण भोंगा गप्प झालाय.

भोंगा खरंच गप्प झाला होता. पण बायकोच्या विचारानं नाही; ते दुःख पुढं आलं, सावकाश. आधी त्याला आठवलं की तिच्यानंतर तो माग रिकामा राहिला नव्हता. चांगलं काम करणाऱ्या बाईला बक्षीस म्हणून तो सत्तावीस नंबर द्यायचा. पहिली होती ती सहा वर्षांनी काम सोडून गेली. दुसरी दोनच वर्षांत माजोरी झाली. हाक मारली तर ओ देत नाही, म्हणून त्यानंच मॅनेजरकडे तक्रार दिली होती. स्वतःच्या हातानं लिहून. 'उर्मट आहे' असा शब्द वापरला होता. आणि आता तीन वर्षांपासून तिथं चिमणी होती. सव्वीस वर्षांची, अखंड चिवचिवणारी म्हणून चिमणी. अलीकडे ती चिवचिवत नव्हती.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत चिमणी नळावर हात धूत होती. तो तिच्या उजव्या अंगाला गेला, तोंडावर हात धरला आणि जमेल तितक्या हळू म्हणाला, "चिमणे, तुझ्या चपलेत विंचू आहे." ती हात धूत राहिली. तो डाव्या अंगाला गेला. तेच वाक्य, तोच आवाज. चिमणी किंचाळून दोन हात उडाली.

"कुठाय? कुठाय? दादा, घाबरवताय काय!"

उजवा गेला होता. डावा अजून होता. अगदी बायकोच्याच क्रमानं.

भोंगा तिथून तडक सत्तावीस नंबरवर गेला. मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा, काढून त्यानं खिशात घातला आणि मागावर 'बंद'ची पाटी लावली. चिमणीला मधल्या रांगेत हलवलं. ती रडायलाच लागली. "माझं काय चुकलं? माझी खिडकी का काढून घेता?"

"कानाला लागतंय तुझ्या तिथं."

"मला काही होत नाही! तीन वर्षं उभी आहे, एकदा तरी तक्रार केली का?"

भोंग्यानं 'बंद'ची पाटी घट्ट बांधली.

परदेशची मोठी मागणी पुरी करायची होती, त्यात एक माग बंद. शुक्रवारी मॅनेजरनं बोलावून घेतलं. "काय बिघडलंय त्याचं?"

"कोपरा बिघडलाय, साहेब." त्यानं सगळं सांगितलं. मॅनेजरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, बघू पुढच्या महिन्यात. उद्या परीक्षा आहे तुझी. परदेशचे साहेब येणार. तुझ्याबद्दल मी आधीच चांगलं बोललोय. धोटा बसव, माग चालू कर, केबिन तुझी. उगाच हातचं घालवू नकोस."

"आणि त्या कोपऱ्यात कोण उभं राहणार?"

"तो तुझा प्रश्न. जॉबर तू आहेस."

शनिवारी त्याच काचेच्या केबिनमध्ये परीक्षेला बसला तेव्हा धोटा खिशातच होता, मांडीला टोचत होता. समोर बाई, मॅनेजर आणि परदेशी साहेब. नाव, गाव, काम, सगळं ठीक झालं. मग साहेबांनी काचेतून खाली बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, तो एक माग बंद का आहे?

मॅनेजर खोकला.

भोंग्याचं पाठ केलेलं सगळं उडून गेलं होतं. एकच शब्द शिल्लक होता. तो उभा राहिला. "सर, वी पुट अप विथ द नॉइज," तो म्हणाला, आणि केबिनच्या काचा थरथरल्या. "एव्हरीबडी. माय वाइफ, टेन इयर्स, दॅट कॉर्नर. नाऊ शी हियर्स नथिंग. आय गेव्ह दॅट कॉर्नर, सर. आय." त्यानं आपल्या कानाला बोट लावलं. "नेक्स्ट गर्ल, वन इअर फिनिश. वन इअर लेफ्ट. शी मस्ट नॉट पुट अप विथ दॅट कॉर्नर."

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. साहेब उठले. मला दाखवा, म्हणाले.

खाली सत्तावीस नंबरवर भोंग्यानं धोटा बसवला आणि साहेबांना दोन भिंतींच्या मध्ये, जिथं बाई उभी राहते बरोबर तिथं उभं केलं. माग सुरू झाला. साहेबांनी आधी खिडकीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला. दोन मिनिटं काही पुरी झाली नसतील. दोन्ही कानांवर हात दाबून ते बाहेर आले आणि जिना चढून गेले. पुढची सगळी रांग ओठांनी एकच प्रश्न एकमेकींना विचारत होती, काय झालं, काय झालं? चिमणी धोट्याकडे बघत उभी होती, एक हात उजव्या कानावर.

सोमवारी फलकावर कागद लागला. सत्तावीस नंबरचा माग खात्याच्या मध्ये हलवायचा, तो कोपरा रिकामा ठेवायचा. सगळ्यांचे कान तपासायचे. सगळ्यांना आजपासून कानात घालायचे बोळे मिळणार. त्याखाली नव्या खातेप्रमुखाचं नाव होतं, ते दुसऱ्याच जॉबरचं. भोंग्याच्या नावापुढं दोन शेरे होते. इंग्रजी: उत्तीर्ण. शिस्त: विनापरवानगी यंत्र बंद केल्यामुळे अपात्र.

घरी आल्यावर त्यानं आवाज न काढताच सगळं सांगितलं. माग हलवला म्हणाला तेव्हा बायकोचे डोळे भरून आले. कानात घालायच्या बोळ्यांची पुडी त्यानं टेबलावर ठेवली. मग केबिनचं सांगितलं.

"गेली?"

"गेली."

त्याला वाटलं होतं, ती पाठीवरून हात फिरवेल. ती उठून उभी राहिली. आणि ओरडली. आपला आवाज किती मोठा होतोय ते तिला कळत नव्हतं. अकरा बिऱ्हाडांनी तो पहिल्यांदाच ऐकला.

"गेली म्हणून काय सांगता? मी तोंड दाबून कशासाठी बसले होते? तुम्ही वर जाऊन बसावं म्हणून! आता तुम्ही पण असेच होणार? मग या घरात कोण कुणाचं ऐकणार?"

भिंतीपलीकडे शेजारणीचं भांडं खाली पडलं. ती धापा टाकत उभी होती, आणि भोंगा आयुष्यात पहिल्यांदा एकसारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. "नाही उतरत खाली," त्याचे ओठ म्हणाले. मग खरं ते म्हणाले, "उतरावंच लागेल गं. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. बोळे आहेत की. आणि थोडंफार गेलंच तर घेईन चालवून."

तिनं टेबलावरची पुडी उचलली, त्याच्या हातात कोंबली आणि त्याची मूठ मिटवली. मग जोरानं मान हलवली, नाही. आठवडाभर समोर बसून बघितलेला त्याचा तो इंग्रजी शब्द तिनं कधी ऐकला नव्हता, पण त्याची चाल तिला पाठ होती. ओठ एकदा मिटले. पुन्हा मिटले. मग गोल झाले, आणि जिभेचं टोक दातांत आलं. कशाचं ते पुढं यायलाच हवं होतं. तिनं बोट त्याच्या कानाकडे केलं.